शेवाळ, क्लोरीन आणि आमचं घरचं भांडण



बरेच दिवसांत इथे काही लिहिणं झालं नाही. तब्येत ठणठणीत आहे, काळजी नसावी. सप्टेंबरपासून चिरंजीवांकडे अमेरिकेत आहे. ॲरिझोना राज्यात फीनिक्सला लागून चँडलर म्हणून गाव आहे, तिथे. आल्यापासून महिनाभर मी एका शेवाळाशी, एका दुकानाशी आणि घरातल्या सगळ्यांशी भांडत होते. शेवाळ हरलं. बाकीच्यांना अजून पटलंय असं दिसत नाही, म्हणून हा लेख.

आधी शब्दाचं बघू. इथे सगळे 'पूल, पूल' म्हणतात. उभा जन्म सांगलीत काढलेल्या माणसाला पूल म्हटलं की आयर्विन पूल आठवतो. धाकट्या भावाला फोनवर म्हटलं, "अरे, पूल हिरवा झालाय," तर तो म्हणाला, "मग काय झालं अक्का, रंग दिला असेल." तेव्हा मी आपली 'तलाव'च म्हणणार. घरामागच्या अंगणातला, १५,००० गॅलनचा, म्हणजे ५७,००० लिटरच्या आसपास पाण्याचा पोहायचा तलाव. वाळवंटात घरोघरी असे तलाव कशाला, हा प्रश्न माझ्याही मनात आला. पण घर घेताना तलाव त्यातच होता, आणि आहे तो नीट राखायचा की नाही एवढाच आजचा विषय आहे.

तर झालं असं. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात इथे धुळीचं वादळ झालं. (इथेही मॉन्सून म्हणतात, बरं का! १५ जून ते ३० सप्टेंबर हे त्याचे ठरवून दिलेले दिवस. पाऊस चार थेंब आणि धूळ मात्र डोंगराएवढी भिंत चालून यावी तशी.) त्यानंतर आम्ही तीन दिवस ग्रँड कॅन्यन बघायला गेलो. परत येऊन मागचं दार उघडलं तर तलावात पालकाची पातळ भाजी. पायऱ्यांपैकी दुसरी पायरी दिसत नव्हती.

चिरंजीव इंजिनिअर आहेत. चिप बनवण्याच्या धंद्यात आहेत, केसाच्या जाडीचा हजारावा हिस्सा वगैरे मोजतात. त्यांनी काय केलं? बाटलीभर पाणी घेतलं आणि दुकानात गेले. दुकानात पाणी फुकट तपासून देतात. फुकट म्हटल्यावर मी तिथेच सावध झाले, पण गप्प बसले. येताना एक छापील कागद आणि चार डबे आले. शेवाळ मारायचं औषध, 'शॉक'च्या पिशव्या, पाणी निवळायचं औषध, आणि फॉस्फेट काढायचं औषध. म्हणे फॉस्फेट हे शेवाळाचं खाणं, खाणंच काढून घेतलं की शेवाळ उपाशी मरतं. पाणी दोन दिवस फिकट झालं, पुन्हा हिरवं. पुन्हा दुकान, पुन्हा कागद, पुन्हा डबे. एका औषधानं तर पाण्यावर साबणासारखा फेस आला. तीन आठवड्यांत २६० डॉलर गेले आणि पाणी होतं तिथेच.

मी दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचले. पेपर तपासायची सवय आहे, जात नाही. क्लोरीन ३, 'उत्तम'. स्टॅबिलायझर १००. दुसऱ्या कागदावरही १००. मी विचारलं, "हे १०० म्हणजे बरोब्बर १०० का रे? तीन आठवडे रोज गोळ्या टाकतोयस, एकानंही वाढलं नाही?" मग बारीक अक्षरात सापडलं की त्यांचं यंत्र १००च्या पुढे मोजतच नाही. पट्टी संपली तिथे आकडा संपला. ताप १०५ असला तरी थर्मामीटर १०० दाखवणार आणि आपण खूश.

तेव्हा चिरंजीव हसून म्हणाले, "आई, अगं तुझं बीए मराठीचं ना? हे केमिस्ट्री आहे."

लागलं मला ते. होय, बीए, तेही मराठी माध्यमातून. पण त्रैराशिक चौथीत शिकवतात, त्याला बीएसुद्धा लागत नाही.

आता जरा मागे जाते. जुन्या सहकाऱ्यांना आठवेल, इतरांना मी हे कधी सांगितलेलं नाही. १९८७ साली मी आटपाडी तालुक्यातल्या एका गावी हायस्कूलला होते. दुष्काळ होता. गावाला एकच विहीर आणि तीही तळाला गेलेली. शाळेच्या वाटेवरच ती विहीर होती. रोज सकाळी पंचायतीचा माणूस येऊन टीसीएल पावडर कालवून विहिरीत ओतायचा, वहीत सही करायचा. टीसीएल म्हणजे आपली ब्लीचिंग पावडर. मी रोज ते बघायची आणि मनात म्हणायची, चला, पाण्याची काळजी नाही. पहिला पाऊस पडला आणि गावात गॅस्ट्रो सुरू झाला. माझ्या सहावीच्या वर्गात एका दिवशी अकरा मुलं गैरहजर. त्यातली दहा परत आली.

मग आरोग्य खात्याचा माणूस ओटीची बाटली घेऊन आला. नळीत विहिरीचं पाणी घ्यायचं, त्यात ओटीचे थेंब टाकायचे, क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं. आम्ही सगळे भोवती उभे होतो. पाणी पिवळं झालं नाही. त्यानं पुन्हा थेंब टाकले. नाहीच झालं. पावडरीचं पिंप आदल्या वर्षीपासून झाकण न लावता ओल्या खोलीत पडलं होतं. ताज्या पावडरीत तिसरा हिस्सा क्लोरीन असतं, उघड्यावर राहिली की ते उडून जातं आणि उरतो चुना. वहीत सगळ्या सह्या होत्या, पावडरही रोज पडत होती, आणि पाण्यात काही नव्हतं. तास-अर्ध्या तासानं नळीभर पाणी काढून बघणं एवढं एक काम होतं, ते कोणी केलं नाही. मीही विचारलं नाही, की मोजलं का हो?

म्हणून मला हे डबे बघून चीड येते. इथला तलाव म्हणजे काही गावाची पिण्याची विहीर नव्हे, हे मला कळतं. पण रीत तीच आहे. डबा ओतला म्हणजे काम झालं, पाण्यात काय उरलं ते बघायचं नाही.

मी हट्टानं थेंबांनी मोजायचं किट मागवायला लावलं. स्वस्त नव्हतं, नव्वद डॉलर पडले. सूनबाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. पण त्या एका पेटीनं सगळा उलगडा केला. स्टॅबिलायझर मोजायला पाणी गढूळ करणारं औषध घालतात आणि नळीच्या तळाचा काळा ठिपका दिसेनासा होईपर्यंत ते नळीत ओततात. आकडा पट्टीच्या बाहेर जात असेल तर तलावाचं पाणी अर्धं आणि नळाचं पाणी अर्धं घ्यायचं, आलेला आकडा दुप्पट करायचा. ८० आला. म्हणजे १६०.

आता हे स्टॅबिलायझर म्हणजे काय ते समजून घ्या, सगळं भांडण त्यावरच आहे. त्याचं खरं नाव सायन्युरिक ॲसिड. उन्हात नुसतं क्लोरीन टिकत नाही, इथल्या उन्हात तर तासाभरात निम्म्याहून जास्त उडून जातं. सायन्युरिक ॲसिड क्लोरीनला धरून ठेवतं, ऊन लागू देत नाही. म्हणून थोडं हवंच, ३० ते ५० असावं. पण जितकं जास्त घालाल तितकं ते क्लोरीनला घट्ट धरतं, आणि धरलेलं क्लोरीन शेवाळ मारायला मोकळं राहत नाही. पोरानं घराबाहेर पडू नये म्हणून इतकं जपायचं की ते शाळेतच जात नाही, तसं. घरगुती तलावाला साधारण हिशेब असा धरतात की स्टॅबिलायझरच्या साडेसात टक्के तरी क्लोरीन रोज पाण्यात हवं. १६०चे साडेसात टक्के १२ होतात. आमच्याकडे होतं ३. आणि कागदावर त्यापुढे 'उत्तम' लिहिलेलं!

मग १६० आलं कुठून? गोळ्यांमधून. तरंगत्या डबीत ठेवतात त्या पांढऱ्या मोठ्या गोळ्या, ट्रायक्लोरच्या. त्यात क्लोरीन आणि सायन्युरिक ॲसिड एकत्रच असतं. गोळीनं पाण्यात क्लोरीन १०नं वाढलं की स्टॅबिलायझर ६नं वाढतं. क्लोरीन वापरून संपतं, हे संपत नाही. पाण्याची वाफ झाली तरी जात नाही, तळ्यातच बसतं. आमच्या तलावाला जूनमध्ये नवा गिलावा करून नवं पाणी भरलं होतं. उन्हाळ्यात दिवसाला ३ क्लोरीन लागतं असं धरा. म्हणजे स्टॅबिलायझर दिवसाला १.८. शंभर दिवसांचे १८०. किटनं १६० दाखवलं, बाकीचं पोरांच्या उड्यांनी बाहेर सांडलं आणि फिल्टर धुताना गेलं. मांडा त्रैराशिक, येतंय की नाही बघा. मी हा हिशेब वहीच्या पानावर लिहून चिरंजीवांपुढे ठेवला. त्यांनी दोनदा वाचला आणि पान खिशात घातलं. माफी वगैरे मागितली नाही, पण पान खिशात घातलं.

माझा दुकानदारावर राग नाही, तो माल विकायला बसला आहे. राग शिकल्यासवरल्या माणसांवर आहे. घरात दोन पदव्युत्तर माणसं, आणि पाण्यात काय आहे हे जो बाटल्या विकतो त्यालाच विचारायचं? बरं, शेवाळ मारायला क्लोरीन सोडून दुसरं काही लागत नाही. पुरेसं क्लोरीन असलं तर फॉस्फेट कितीही असो, शेवाळाला खायला सवड मिळत नाही. आणि पुरेसं नसलं तर ते निवळायचं औषध, तो फेस, ते शॉक, सगळं त्या रिकाम्या पिंपासारखं.

मोठ्या ठिकाणीही हेच होतं बरं. २०१६ साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये उड्या मारायचा तलाव एका दिवसात हिरवागार झाला होता, टीव्हीवर पाहिलं असेल. ९ ऑगस्टला त्या हिरव्या पाण्यातच बायकांची स्पर्धा झाली. आयोजकांनी आधी उकाड्याला दोष दिला, वारा नाही म्हणाले, पाण्याचा अल्कलीपणा म्हणाले. शेवटी कबूल केलं की कंत्राटदारानं ५ ऑगस्टला तलावांमध्ये ८० लिटर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतलं होतं आणि त्यानं क्लोरीन मारलं. म्हणजे पाणी शुद्ध करायला जे होतं तेच एका ज्यादा औषधानं घालवलं. शेजारच्या तलावातलं पाणी तर पुरतं सोडून देऊन सरावाच्या तलावातलं सुमारे ३७ लाख लिटर पाणी आणून भरावं लागलं.

आता आपल्या माणसांकडे येते, त्यांना कसं सोडीन? घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी हिरव्या तलावाचा फोटो टाकला तर अर्ध्या तासात सतरा उपाय. तुरटी फिरवा. निवळीच्या बिया उगाळा. तांब्याची कळशी बुडवून ठेवा. वहिनी, रागावू नका, पण तुरटी आणि निवळी गढूळपणा खाली बसवतात, जिवंत शेवाळ मारत नाहीत. ते तळाशी बसून पुन्हा वाढतं. तांब्यानं शेवाळ मरतं, हे खरं. दुकानातल्या एका औषधात तेच होतं. पण तांबं पाण्यातून जात नाही, गिलाव्यावर डाग धरतं, आणि गोऱ्या पोरींचे केस हिरवे होतात ते त्याच्यामुळे. लोक नाव घेतात क्लोरीनचं.

आणि भाऊ, तुझा तो निरोप, "अक्का, क्लोरीन म्हणजे विष, पहिल्या महायुद्धात माणसं मारली त्यानं." मारली, १९१५ साली ईप्रला. वायू होता तो. पण तुझ्या घरी नळाला जे पाणी येतं ना, ते तू निर्धास्त पितोस ते कशाच्या जिवावर? आणि २०२०मध्ये तूच फाटकाला हायपोक्लोराइट फवारून घेत होतास, तेव्हा विष नव्हतं का? 

ही भीती साधी नाही, म्हणून चिडून लिहितेय. सूनबाईंचंही तेच होतं. मुलीची कातडी, मुलीचे डोळे, म्हणून क्लोरीन जेवढं कमी तेवढं बरं. डोळे चुरचुरतात आणि तलावाला तो उग्र वास येतो, तो क्लोरीन जास्त झाल्याचा नव्हे. घाम, लघवी आणि कातडीवरचा मळ यांच्याशी क्लोरीन जोडलं जाऊन क्लोरॅमिन्स होतात, वास त्यांचा. अमेरिकेचं रोगनियंत्रण केंद्रसुद्धा हेच सांगतं. म्हणजे वास आला की बहुधा क्लोरीन कमी पडलंय, आणि आपण घाबरून आणखी कमी करतो. उपाय म्हणून मिठाचा तलाव करा असंही एकानं सुचवलं. अहो, त्या यंत्रात मिठापासून क्लोरीनच तयार होतं!

(भाषेच्या मास्तरणीला न राहवून एक. १८१० साली हम्फ्री डेव्हीनं क्लोरीन हे नाव ठेवलं ते ग्रीक 'क्लोरोस' वरून, म्हणजे फिकट हिरवं-पिवळं. शेवाळातलं जे हरितद्रव्य, क्लोरोफिल, तेही त्याच शब्दावरून. मारणारा आणि मरणारा एकाच आडनावाचे.)

असो. आता पाण्याचं, कारण हे मला सगळ्यात जास्त खुपलं. सायन्युरिक ॲसिड काढायचा घरगुती उपाय एकच, पाणी काढून नवं भरणं. दोन तृतीयांश पाणी काढायचं ठरलं. ३८,००० लिटर. आटपाडीत उन्हाळ्यात दहा हजार लिटरचा टँकर यायचा, त्याच्यामागे कळशा घेऊन धावणाऱ्या बायकांमध्ये मीही असायची. तसे जवळजवळ चार टँकर मी इथे पंपानं गटारात सोडताना बघितले. (रस्त्यावर सोडायला इथे बंदी आहे, घराच्या सांडपाण्याच्या नळात सोडावं लागतं.) आणि हे राज्य पाण्यानं तुंबलेलं नाही हो. कोलोरॅडो नदीवर २०२१च्या ऑगस्टमध्ये इतिहासात पहिल्यांदा सरकारी टंचाई जाहीर झाली आणि पुढच्या वर्षी ॲरिझोनाच्या वाट्यात १८ टक्के कपात झाली. तिथे स्वस्त आणि सोयीच्या म्हणून विकलेल्या गोळ्या दर थोड्या महिन्यांनी चार टँकर पाणी फेकायला लावतात. डब्यावर हे कुठे लिहिलेलं मला सापडलं नाही. त्या रात्री मला झोप आली नाही, खरंच सांगते.

ऑक्टोबर होता म्हणून पाणी काढता तरी आलं. भर उन्हाळ्यात रिकामा तलाव उन्हात ठेवला तर गिलावा तडकतो.

नवं पाणी भरल्यावर स्टॅबिलायझर ५५च्या आत आलं. मग खरं काम. शेवाळ मारताना क्लोरीन स्टॅबिलायझरच्या चाळीस टक्के लागतं, म्हणजे २२, आणि ते शेवाळ मरेपर्यंत २२वरच धरून ठेवायचं. लोक चुकतात ते इथे. 'शॉक दिला' म्हणतात, जणू एकदा काठी मारली की झालं. आम्ही साधं पातळ क्लोरीन आणलं, दहा टक्क्यांचं, त्यात दुसरं काही नाही. एक गॅलन ओतलं की आमच्या तलावात क्लोरीन साडेसहानं वाढतं. आधी ॲसिड घालून पीएच ७.२वर आणला. (ॲसिड आणि क्लोरीन कधीही एकत्र नाही, एकापाठोपाठ एकाच जागीही नाही! विषारी वायू होतो, तोच भाऊचा महायुद्धातला. चष्मा, हातमोजे घालूनच. आणि गोळ्यांच्या डबीत दुसरी कुठलीही क्लोरीनची पावडर टाकू नका, भडका उडतो.) संध्याकाळी सव्वातीन गॅलन ओतलं, पंप चोवीस तास चालू ठेवला. तीन तासांनी मोजलं तर २२चं ८ झालेलं. चिरंजीव म्हणाले, "गेलं वाया." मी म्हटलं, वाया नाही, तेवढं शेवाळ मेलं. पुन्हा घाल.

आठ दिवस हेच. दिवसातून चार वेळा मोजायचं आणि कमी पडेल तेवढं घालायचं. भिंती ब्रशनं घासायच्या, कोपरे, पायऱ्यांच्या खाचा, शिडीच्या मागची बाजू. पाण्याखालचा दिवा बाहेर काढला तर मागे बोटभर जाडीचं शेवाळ! तिथून पुन्हा सगळीकडे पसरणार होतं. फिल्टर एक दिवसाआड धुतला, हिरवा चिखल निघायचा.

मोजायला नातबाई. वय वर्षं आठ. किटमध्ये पाण्यात पूड टाकली की क्लोरीनमुळे गुलाबी रंग येतो, मग एकेक थेंब टाकत रंग जाईपर्यंत मोजायचं. एक थेंब म्हणजे अर्धा. २२ असेल तर ४४ थेंब. थेंब बाप टाकायचा, ती लांब उभं राहून मोजायची, आणि मी अट घातली होती, मराठीतच मोजायचं. अठ्ठावीसच्या पुढे एकोणतीसला गाडी अडायची, एकोणचाळीसला पुन्हा अडायची. एकदा तिनं एकोणचाळीसऐवजी एकोणपन्नास म्हटलं आणि आमचं क्लोरीन एका क्षणात पाचनं वाढलं!

चौथ्या दिवशी हिरवं गेलं आणि पाणी ताकासारखं पांढुरकं झालं. सूनबाई म्हणाल्या, "झालं ना आई? आता ते निवळायचं औषध घालू या." हा क्षण सगळ्यांच्या तलावात येतो, आणि दुकानाची दुसरी फेरी इथेच सुरू होते. पांढुरकं म्हणजे मेलेलं शेवाळ, ते फिल्टर काढतो, त्याला वेळ द्यावा लागतो. जिवंत अजून उरलंय की नाही हे डोळ्यांना कळत नाही. त्याची परीक्षा रात्रीची. सूर्य मावळल्यावर मोजायचं, उजाडायच्या आत पुन्हा मोजायचं. रात्री ऊन नाही, तेव्हा क्लोरीन कमी झालं तर ते कोणीतरी खाल्लं. एकाहून जास्त कमी झालं तर अजून शेवाळ आहे, थांबायचं नाही. चौथ्या रात्री ४ कमी झालं होतं. सहाव्या रात्री २. आठव्या रात्री अर्धा. जोडलेलं क्लोरीनही अर्ध्याच्या आत. आणि तळाच्या जाळीवरचा स्क्रू न् स्क्रू दिसत होता. १७ गॅलन लागलं, शंभर डॉलरच्या आसपास. आकडा उतरेपर्यंत मी कोणाला पाण्यात पाय घालू दिला नाही.

"एवढं काय त्यात, हिरवं तर हिरवं," असंही एक मेहुणे म्हणाले. तळ न दिसणाऱ्या पाण्यात मूल बुडालं तर काठावरच्या माणसाला दिसत नाही, भाऊजी. आणि डास. हा तलाव ज्या मॅरिकोपा काउंटीत आहे तिथे २०२१ साली वेस्ट नाइल तापाचे दीड हजाराच्या आसपास रुग्ण झाले, शंभरेक माणसं गेली. हिरव्या तलावाची तक्रार इथे शेजारी करू शकतात आणि काउंटी डासांच्या अळ्या खाणारे मासे फुकट देते, आपल्याकडच्या गप्पी माशांसारखे. कॅलिफोर्नियात बेकर्सफील्डला २००७ साली घरांची कर्जं बुडाली, लोक घरं टाकून गेले, मागचे तलाव हिरवे झाले आणि त्याच उन्हाळ्यात हा ताप तिथे कितीतरी पटींनी वाढला.

तर ह्यूस्टनच्या भाचीबाई, तुमचा तलाव हिरवा झाल्याचा फोटो मिळाला. आधी किट आण. ते पिवळ्या थेंबांचं स्वस्त मिळतं ते नको, त्यात मोकळं आणि जोडलेलं क्लोरीन वेगळं कळत नाही. गुलाबी पूडवालं आण. स्टॅबिलायझर मोज आणि मला आकडा कळव, बाटलीचं नाव नको. पातळ क्लोरीन घेताना तारीख बघून ताजं घे आणि तापलेल्या गॅरेजमध्ये साठवू नकोस, त्याचंही टीसीएलसारखंच होतं. मी डिसेंबरच्या वीस तारखेपर्यंत इथे आहे, तुझे रात्रीचे नऊ वाजल्यावर फोन कर, त्याआधी नातीचा पाढ्यांचा अभ्यास असतो.

गोळ्यांची अर्धी बादली अजून गॅरेजात पडून आहे. चिरंजीव म्हणतात, टाकायची कशाला, सुट्टीला गावाला गेलो की उपयोगी पडेल. त्यावर आमचं बोलणं चालू आहे.